मुक्या नायकाचें संगीत नाटक

ज्या नाटकाचा नायक आंधळा, बहिरा आणि मुका आहे, तें रंगभूमीवर कसें उभें करावें, हा प्रश्न कोणाहि नाटककारास पडेल. तें नाटक संगीत असेल, तर अशा नायकाच्या तोंडीं पदें घालावयाचीं तरी कशीं, ही अडचण त्याहून मोठी. ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदानें १९६९ सालच्या मे महिन्यांत ‘टॉमी’ नांवाचा दोन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला, तेव्हां ही अडचणच त्या कृतीचें बळ ठरली. कारण तें नाटक प्रथम डोळ्यांसाठीं नव्हे, तर कानांसाठीं रचलेलें होतें.

रॉक ऑपेरा म्हणजे विजेच्या गिटारी, ड्रम आणि मोकळे, दणदणीत गळे यांच्या जोरावर अथपासून इतिपर्यंत गाऊन सांगितलेली कथा. मराठी संगीत नाटकांत कथेचा भार मुख्यतः गद्य संवाद वाहतात आणि पदें भावना खुलवितात. येथें गद्य जवळजवळ नसल्यामुळें दोन्ही कामें पदांनाच करावीं लागतात. ज्या संचांतील गाणीं एका कल्पनेनें बांधलेलीं असतात, परंतु ज्यांत पात्रें व कथानक असेलच असें नाहीं, त्यास ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हणतात. दोहोंनाहि वाव मिळाला तो एका यांत्रिक सुधारणेमुळें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-चार मिनिटांचें गाणें मावत असे. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी बाजारांत आणली, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत राहूं लागलें. गाण्यांना जणूं अंक मिळाले. तबकडी उलटण्याचा क्षण हेंच मध्यंतर झालें.

‘टॉमी’ची बहुतेक रचना पीट टाउनशेंड याची आहे. युद्धांत बेपत्ता झालेला कॅप्टन वॉकर अकस्मात् घरीं परततो, तों पत्नीजवळ दुसरा पुरुष! तेथें खून होतो, आणि लहानगा टॉमी तो आरशांत पाहतो. पाहिलें-ऐकलें सर्व विसरण्याची व मौन पाळण्याची सक्त ताकीद त्यास मिळते, आणि मूल ती अक्षरशः पाळतें. त्याचे डोळे, कान व वाचा बंद होतात. नातलग त्याचा छळ करितात. पुढें तो पिनबॉलच्या यंत्रावर, केवळ त्याच्या थरथरीच्या आधारानें, अजिंक्य ठरतो. अखेर आई संतापून आरसा फोडते, त्याचीं इंद्रियें मोकळीं होतात आणि लोक त्यास गुरु मानूं लागतात. परंतु तो आपलेंच आंधळेपण अनुयायांवर लादूं पाहतो, तेव्हां ते उलटतात आणि तो पुन्हा एकटा पडतो.

रंगमंचावर असें मूल बाहेरूनच दिसेल: आरशाकडे टक लावून उभी असलेली एक निश्चल आकृति. तबकडीवर मात्र त्याच्या अंतरींची विनवणी एका लहानशा, वारंवार परतणाऱ्या चालींतून उमटते. घरांत कोणासहि न ऐकूं येणारी ती हांक श्रोत्यास ऐकूं येते, आणि श्रोता त्या मुलाचा एकमेव सोबती होऊन बसतो. खुनाचीहि तीच गोष्ट. मूळ गाण्यांत कोणी कोणास मारिलें, हें शब्दांवरून उघड होत नाहीं. केन रसेल याच्या १९७५ सालच्या चित्रपटांत प्रियकर पतीस मारतो. १९९३ सालीं ब्रॉडवेवर आलेल्या नाटकांत पति प्रियकरास मारतो. डोळ्यांपुढें घडावयाचें म्हटलें कीं निकाल द्यावाच लागतो. कानाला तो रोखून धरतां येतो.

या मौनाचा एक धागा महाराष्ट्रांत येऊन पोहोंचतो. पुण्यांत १८९४ सालीं जन्मलेले मेहेर बाबा यांनीं १० जुलै १९२५ रोजीं मौन धरिलें, आणि ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत तें सोडिलें नाहीं. त्यांची समाधि अहिल्यानगरजवळ मेहेराबाद येथें आहे. टाउनशेंड त्यांचा अनुयायी होता. ‘टॉमी’वर त्यांचें नांव छापलेलें आहे. मुका माणूस आंतून रिता नसतो, ही या ऑपेराची मध्यवर्ती कल्पना ध्यानांत घेतली, म्हणजे हा संबंध केवळ योगायोगाचा वाटत नाहीं.

‘पिंक फ्लॉइड’ या वाद्यवृंदाच्या १९७९ सालच्या ‘द वॉल’ या संचांत हाच एकांत उलट दिशेनें येतो. १९७७ सालीं माँट्रियल येथील जलशांत रॉजर वॉटर्स हा एका श्रोत्यावर थुंकला. स्वतःच्या त्या कृत्याच्या धक्क्यांतून या कृतीचें बीज रुजलें. तिचा नायक प्रसिद्ध गायक आहे; युद्धांत गेलेला बाप, आई, शाळा, मोडलेला संसार, अशी एकेक वीट रचून तो स्वतःभोंवतीं भिंत उभारतो. १९८० व १९८१ सालच्या प्रयोगांत वाद्यवृंद आणि प्रेक्षक यांच्यामध्यें पुठ्ठ्याच्या विटांची खरीखुरी भिंत मध्यंतरापर्यंत चढत असे, आणि शेवटीं कोसळत असे. तबकडीवर मात्र अखेरीस अर्धवट तुटलेलें वाक्य आरंभीं पुरें होतें; म्हणजे पडलेली भिंत पुन्हा रचली जाणार, ही शंका कानांसाठींच राखून ठेविली आहे.

अशा कृति तबकडीवरून मोठ्या रंगमंचावर जातात, ही परंपरा अद्याप खुंटलेली नाहीं. अनाईस मिचेल हिचें ‘हेडीसटाउन’ २०१० सालीं तबकडीरूपानें प्रसिद्ध झालें आणि २०१९ सालीं ब्रॉडवेवर आलें. परंतु आज गाणीं सुटीं, हव्या त्या क्रमानें ऐकण्याची सोय घरोघरीं झाली आहे, आणि या प्रकारास खरा धोका तोच आहे. पिनबॉलचें गाणें एकटें ऐकणाऱ्यास एक ठसकेबाज चाल मिळते; मुलगा मिळत नाहीं. यास्तव रसिकानें सवा तासाची फुरसत काढावी, गीतांचा कागद हातीं घ्यावा आणि पहिल्या सुरापासून क्रम न मोडतां ऐकावें. तसें केल्यावर ती लहानशी चाल जेव्हां शेवटीं पुन्हा येते, तेव्हां ती कोणाची हांक आहे, हें त्यास कोणी सांगावें लागत नाहीं.