घरच्या घरी ऑइल चेंज: दोन रबर रिंगा आणि एक कॅन काळं ऑइल

गेल्या काही दिवसांत दोघातिघांनी मेसेज करून विचारलं की गाडीचं ऑइल घरी बदलता येतं का. येतं. मी बदललं. दापोलीत आमच्या अंगणात, मे महिन्यात, पावसाआधी. आणि दुसऱ्या दिवशी तेच नवंकोरं ऑइल खेडच्या रस्त्यावर सांडलं. आज तेच सांगणार आहे.

गाडी बाबांची, २०१४ ची वॅगन आर. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, शनिवार मोकळा होता आणि यूट्यूबवर तो माणूस वीस मिनिटांत सगळं उरकून हात पुसत होता. पैसे वाचतील हाही विचार होता. आधीच सांगतो, वाचले नाहीत. ऑइल आणि फिल्टर मिळून दीड हजार, ते कुठेही लागणारच. गॅरेजची मजुरी तीन-चारशे. ती वाचवायला मी पाने, फिल्टर काढायचा पट्टा आणि दोन स्टँड घेतले. हिशोब तुम्हीच करा.

स्टँड म्हणजे गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ती. ते मात्र घ्याच. मी खरं तर घेणार नव्हतो. अंगणात जांभ्याचे चिरे पडलेले होते, म्हटलं जॅकवर गाडी उचलू आणि खाली दोन चिरे सारू. बाबांनी बघितलं आणि थेट ओरडले. घराच्या भिंतीत चिऱ्यावर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीचं वजन एका बोटभर कडेवर येतं, आणि जांभा भोकाभोकांचा दगड, तडा जाताना आधी सांगत नाही. गाडीसोबत येणारा जॅकसुद्धा फक्त टायर बदलायला असतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जमीन सपाट, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. कोकणात सपाट अंगण शोधणं हाच निम्मा उद्योग आहे.

पुढचं काम तसं सोपं. पाच मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे ऑइल पातळ होतं, मग दहा मिनिटं थांबायचं म्हणजे हात भाजत नाही. चेंबरचा नट उताणं झोपून उघडताना डावं-उजवं उलटं वाटतं. मी पहिल्यांदा जोर लावून तो घट्टच करत होतो. जोर बेताने लावा, कारण बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं असतं. आटे गेले की चारशेच्या जागी हजारांत जाता. नट परत बसवताना आधी बोटांनी फिरवायचा, पाना शेवटी. वायसर नवीन.

नट सुटला की ऑइल सरळ खाली पडत नाही, तिरकी धार येते. मी पाच लिटरचा कॅन आडवा कापून ठेवला होता, पण धार त्याच्या पलीकडे. पाव-अर्धा लिटर लाल मातीत गेलं. आजी पडवीतून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "विहीर किती लांब हाय रे तिथून?" वीस पावलं. भाताचा तूस टाकला, ऑइल शोषून घेतलं, वरची वीतभर माती खरवडून गोणीत भरली. त्यात फिल्टरपेक्षा जास्त वेळ गेला.

आता फिल्टर. जुना काढला, नव्याच्या रबर रिंगेला बोटाने ऑइल लावलं, हाताने बसवला, रिंग टेकल्यावर आणखी पाऊण वेढा. व्हिडिओत तसंच होतं. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापापेक्षा थोडं कमीच ओतलं, मग डिपस्टिकवर बघत बघत दोन खुणांच्या मध्ये आणलं. जास्त भरलंत तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने इंजिनाला वंगण मिळत नाही. दोन मिनिटं गाडी चालू ठेवली, खाली वाकून पाहिलं. कोरडं. फोटो काढून स्टेटस ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला खेड स्टेशनला सोडायचं होतं. मी चालवत होतो, बाबा शेजारी. वाकवलीच्या पुढे चढावर गिअर उतरवला, इंजिनाचा आवाज वाढला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, तो अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखा. माझी पहिली प्रतिक्रिया काय असेल? "सेन्सर असेल." आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना रात्रीबेरात्री इतके खोटे अलर्ट येतात की खरा अलर्टही तसाच वाटतो. बाबा म्हणाले, "थांब. आत्ता थांब. बंद कर." मी बाजूला घेऊन बंद केली.

हा दिवा ऑइल कमी आहे असं सांगत नाही. ऑइलचा दाब गेलाय असं सांगतो. म्हणजे धातूवर धातू घासायला सुरुवात. पुढच्या वळणावर थांबू, पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, असलं काही नाही. मी आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर कदाचित आज इंजिनाच्या बिलावर एपिसोड केला असता.

मागे बघितलं तर रस्त्यावर लांब पट्टा. काळा नव्हता, मधासारखा, कारण ऑइल एक दिवसाचं. आणि मागून बाइकवाले येतायत, वळणावर. पोटात गोळा आला तो तेव्हा. बाबांनी झाडाची फांदी तोडून रस्त्यात ठेवली आणि मी डिकीतल्या चटईवर कडेची माती भरभरून त्या पट्ट्यावर टाकत होतो. आई मागून आलेल्या एसटीला हात करून गेली. तिला ट्रेन मिळाली. त्या दिवशी तिने फोन मात्र बाबांनाच केला.

गाडी ओढून दापोलीत आणली. मेस्त्रींनी फिल्टर उतरवला आणि तळहातावर दोन रबर रिंगा ठेवल्या. एक नव्या फिल्टरची. दुसरी जुन्याची, इंजिनाला चिकटून राहिलेली. मी तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. इंजिन संथ चालू असताना त्या दोन रिंगा टिकल्या, जोर आल्यावर एक सरकली. मेस्त्री म्हणाले, "नव्याची रिंग सगळे बघतात. जुना काढल्यावर जुन्याची बघायची. त्याच्यावर नसेल तर ती वर आहे." हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं असं म्हणणार होतो, पण परत बघितलं तर होतं. मी तो भाग पुढे ढकलला होता.

आता राहिलं जुनं ऑइल. अडीचेक लिटर, कॅनमध्ये. शेजारच्या काकांनी लगेच मागितलं, कुंपणाच्या खुंटांना वाळवीसाठी. आपल्याकडे सगळेच लावतात, आमच्याकडेही लावायचे. पण इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही, म्हणून तर मेमध्ये विहिरी तळ गाठतात. खुंटावरचं जे धुऊन जाईल ते त्याच वाटेने खाली जाणार. त्या ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचा चुरा आणि जळालेल्या इंधनाचे अवशेष असतात. अमेरिकेची पर्यावरण संस्था म्हणते की एका ऑइल चेंजमधलं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे अडतीस लाख लिटर पाणी खराब करू शकतं. काकांना नाही म्हटलं. काका अजून थोडे फुगलेले आहेत.

कॅन मेस्त्रींच्या ड्रममध्ये रिकामा केला. असं ऑइल शुद्ध करून त्यापासून परत बेस ऑइल बनवता येतं. कायद्याने तर ते घातक कचऱ्यात येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. कागदावर. आमचा ड्रम भरला की एक टेम्पोवाला पैसे देऊन घेऊन जातो. तो कुठे नेतो विचारलं, तर मेस्त्री म्हणाले, "महाडला म्हणतो." तिथून पुढे मलाही शोधायचं आहे.

तुमच्या तालुक्यात गॅरेजचा ड्रम कोण उचलतं, ते विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, ती मातीची गोणीही मी गॅरेजवर नेली होती. मेस्त्री पोट धरून हसले, पण ठेवून घेतली.