पाठदुखीची सवय होऊ देऊ नका
(उमरी येथील मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली एक बाई आहे. लोकांना तिला तसेच पाहायची सवय झाली असेल. मलाही तशीच सवय झाली होती, हे आज तुमच्यापुढे कबूल करते.

किनवट तालुक्यातील एका कोलाम पोडावर आम्ही आरोग्य तपासणीला जातो. तिथल्या एका बाईची पाठ दुखत होती. मोळ्या वाहणाऱ्या बाईची पाठ दुखणारच, असे समजून मी दोनदा गोळ्या आणि मलम देऊन परतले. संध्याकाळी ताप येतो का, वजन घटले का, हे विचारलेच नाही. तिसऱ्या खेपेस ती भिंत धरून चालत होती.

तिला नांदेडला नेले. एक्स-रेमध्ये एक मणका किंचित खचलेला दिसला. एमआरआयमध्ये मात्र दोन बिघडलेले मणके, मधली चकती, शेजारी साठलेला पू आणि मज्जारज्जूवरचा दाब, सारे दिसले. सुईने नमुना काढून तपासला, तेव्हा मणक्याचा क्षयरोग असल्याची खात्री झाली.

एक्स-रे हाडाची सावली दाखवतो. हाड बरेच झिजेपर्यंत त्यात रोग कळत नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मोठे चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या हायड्रोजनकडून संकेत मिळतात आणि त्यांचे चित्र बनते. सूज आणि पू यांत पाणी जास्त, म्हणून रोग लवकर दिसतो. क्षय गुडघ्यातही होतो. तिथली सूज, कूर्चा आणि अस्थिबंधही या तपासणीत दिसतात. या शोधासाठी लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण यंत्र असले म्हणजे झाले असे नाही. धातूची वस्तू आत नेता येत नाही आणि बाई गळ्यातली पोत काढेना. शेवटी तिच्या सासूने पोत मुठीत धरली आणि तपासणी संपेपर्यंत दाराबाहेर बसून राहिली. आत यंत्राचा ठकठक आवाज चालू होता. सासूबाई बाहेर आहेत, एवढ्याच भरवशावर ती पडून राहिली.

औषधे सुरू होऊन सात महिने झाले. आता ती काठी घेऊन चालते. मोळी मात्र उचलता येत नाही. मी पहिल्याच खेपेस विचारले असते तर?

क्षयाची औषधे सरकारकडून मोफत मिळतात. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात. कमी पडते ते गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबतीचे माणूस. तुमची देणगी तिथे लागते.

आणि एक मागणे. तुमच्या शेतावर, घरी कामाला येणाऱ्या कोणाची पाठ आठवडे न् आठवडे दुखत असेल, तर ताप, वजन आणि पायांतली ताकद यांविषयी विचारा. शंका आली तर थांबू नका, त्यांच्यासोबत दवाखान्यात जा.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.