स्टिअरिंग आले, पाना कधी?

(जालना जिल्ह्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हक्कांच्या बैठकीत गिअरबॉक्सचे काय काम, असे काहीजणींना वाटले असेल. पण आपल्यातल्या काहीजणी आता भाजीचा टेम्पो चालवतात, शाळेच्या मुलांची जीप चालवतात. शेजारच्या परभणीहून पुण्याला गेलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा हाती घेतली, त्यालाही बराच काळ लोटला. स्टिअरिंग बाईच्या हाती आले, पाना मात्र आला नाही. गाडी बंद पडली की आपण कडेला उभ्या राहतो, बॉनेटभोवती पुरुष जमतात, आणि शेवटी 'गिअरबॉक्स गेला' एवढे वाक्य आणि बिल आपल्यापर्यंत येते.

ही विभागणी जालन्याने पूर्वीही पाहिली आहे. १९७० च्या सुमारास इथल्या मिशनच्या कामातून मजबूत हातपंप तयार झाला. 'जालना पंप' म्हणून तो ओळखला गेला. त्यातूनच पुढे सोलापूर पंप आणि मग देशभर गेलेला 'इंडिया मार्क टू' आला. पण दांडा बाईने मारायचा आणि दुरुस्ती पुरुषाने करायची, हे तसेच राहिले. ते मोडता येते, हे १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यातल्या बायकांनी दाखवले. महिला समाख्या कार्यक्रमात शिकून त्यांनी गावोगावचे हातपंप उघडले आणि दुरुस्त केले.

कायद्याची भाषाही पाहा. चालू यंत्राची शक्ती वाहून नेणाऱ्या भागाला तेल घालणे, तो साफ करणे, जुळवणे यात इजेचा धोका असेल, तर ते काम स्त्रीने किंवा अल्पवयीनाने करू नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये होते. फिरत्या शाफ्टमध्ये हात सापडला तर तो पुरुषाचाही तुटतो. संरक्षण सर्वांना हवे. आपल्याला मात्र मुलांच्या रांगेत बसवले गेले.

आता कामाचे बोलू. मागच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या जीपचा गिअरबॉक्स अंगणात बदलता येतो. तिघीजणी हव्यात, कारण ते वजन एकटीचे नाही. जमीन सपाट हवी. चाकांना दगड लावा. गाडी जॅकवर उचला, पण घोड्यांवर टेकवल्याशिवाय खाली शिरू नका. बांगड्या, अंगठी काढा, पदर खोचा. आधी बॅटरीची वायर सोडवा, मग तेल काढा. प्रॉपेलर शाफ्ट काढण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही बाजूंना खूण करा, म्हणजे बसवताना तो तसाच बसेल. क्लचची जोडणी, मीटरची केबल, रिव्हर्स दिव्याची वायर, गिअरचा दांडा सोडवा. इंजिनाला खालून आधार द्या आणि मगच शेवटचे बोल्ट काढा. गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. तो क्लच प्लेटवर लोंबकळू देऊ नका.

एवढे उघडलेच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग तपासा. झिजलेली असतील तर आत्ताच बदला, नाहीतर तीच मेहनत पुन्हा. प्लेटची बाजू उलटी होऊ देऊ नका आणि ती मधोमध बसवा. नवा गिअरबॉक्स हाताने सरकत जागेवर गेला पाहिजे. जात नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, प्लेट पुन्हा जुळवा. शेवटी तेल भरा. पुष्कळदा हेच राहून जाते.

आणि बसवल्यावर गाडी नीट चालली नाही तर? लगेच 'गिअरबॉक्स खराब निघाला' म्हणू नका.

इंजिन बंद असताना गिअर पडतो, चालू असताना पडत नाही, तर क्लच सुटत नाही. केबल किंवा जोडणी जुळवा; तेलावरचा क्लच असेल तर हवा काढा. तरीही तेच असेल तर प्लेट उलटी बसली का पाहा. इंजिन बंद असतानाही गिअर अडतो, तर दांड्याची जोडणी तपासा. इंजिन पळते आणि गाडी मागे राहते, तर क्लच घसरतो आहे: पेडलला ढील उरलेली नाही किंवा प्लेटला तेल लागले आहे. पेडल दाबल्यावर आवाज येतो तो बहुधा रिलीज बेअरिंगचा; न्यूट्रलमध्ये येतो आणि पेडल दाबताच थांबतो तो गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. गिअर आपोआप सुटत असेल तर आधी बोल्ट आणि माउंटिंग पाहा. स्टार्टर फिरत नसेल तर सोडलेली अर्थची पट्टी जोडायची राहिली असेल.

यातल्या अर्ध्याअधिक गोष्टींना नवा भाग लागतच नाही. केबल जुळवायची असताना पूर्ण गिअरबॉक्सचे बिल कोणाच्या माथी बसते, ते आपण जाणतो. आणि गाडी तिची असली तरी गॅरेजवाला बोलतो नवऱ्याशी किंवा दिराशी. तिला दोष सांगता येऊ लागला की हे बोलणे बदलते.

सगळ्याजणींनी मिस्त्री व्हावे असे माझे म्हणणे नाही. गटाने बचतीतून एक जॅक, दोन घोडे आणि पान्यांचा संच घ्यावा. काढलेला जुना भाग परत मागावा, कामाची लेखी यादी मागावी. मोटार दुरुस्तीच्या प्रशिक्षणात मुलींची नावे घालावीत. आयटीआयमध्ये त्यांना शिलाईकडेच वळवले जात असेल तर जाब विचारावा. मालकी केवळ कागदावरची नको. गाडीच्या पोटात काय चालले आहे, तेही आपल्याला कळले पाहिजे.