एक नकाशा, अनेक भाषा
(वास्तुआरेखनाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



नकाशाला भाषा नसते, असे आपण ऐकत आलो. कागदावर ते बव्हंशी खरेही होते. परंतु 1982 साली ऑटोकॅड बाजारात आले, आरेखक संगणकास आज्ञा देऊन रेघ ओढू लागला, आणि आज्ञा म्हटली की भाषा आलीच! सरळ रेघेसाठी इंग्रजी आवृत्तीत ‘लाइन’, जर्मनमध्ये ‘लिनिए’; वर्तुळासाठी इंग्रजीत ‘सर्कल’, जर्मनमध्ये ‘क्राइस’. इंग्रजी आवृत्तीसाठी लिहिलेली आज्ञांची मालिका जर्मन आवृत्तीत पहिल्याच ओळीला अडते.

यावर कर्त्यांनी साधा तोडगा काढला. इंग्रजी आज्ञेच्या आधी अंडरस्कोअरचे चिन्ह द्यावे, म्हणजे ती कोणत्याही भाषेच्या आवृत्तीत चालते. यातले तत्त्व ध्यानी घ्या. ज्याने त्याने आपल्या भाषेत काम करावे, आणि परस्परांशी व्यवहारापुरती एक सामाईक खूण ठेवावी. आयएफसी ही इमारतीच्या माहितीची देवाणघेवाण करण्याची पद्धती, जिला 2013 साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा लाभला, याच तत्त्वावर उभी आहे. पडद्यावर भिंतीचे नाव काहीही दिसो, आत तिची ओळख एकच असते.

मात्र आज्ञा बदलल्या म्हणून सर्वच बदलते, असे समजू नका. कार्यक्रमाची स्वतःची नावे भाषांतरित होतात. तुम्ही दिलेली होत नाहीत. जर्मन आरेखकाने भिंतींच्या लेअरला ‘वांड’ म्हटले, तर तुमच्या पडद्यावरही ‘वांड’च येणार. ‘शून्य’ हा लेअर तेवढा सर्वत्र सारखा. बाकी नावांचा उलगडा माणसांनीच आपसांत करावयाचा.

याहून मोठा धोका आकड्यांत आहे. आपण जेथे दशांशचिन्ह म्हणून टिंब देतो, तेथे जर्मन माणूस स्वल्पविराम देतो; हजार वेगळे दाखविण्यास तो टिंब वापरतो. त्याच्या तक्त्यातील 3,500 म्हणजे साडेतीन. आपण वाचणार साडेतीन हजार. आकड्यापुढे मीटर की मिलिमीटर हे लिहिलेले नसेल, तर चूक हजारपटीची होते, आणि तिची भरपाई सिमेंटात व पोलादात करावी लागते.

आता आपल्या मराठीविषयी. युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली मराठी टीप, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांची रास होऊन उमटते. ‘येथे खांब पाडू नये’ ही सूचना जागेवरील गवंड्यास वाचता आली नाही, तर ती लिहून उपयोग काय? म्हणून नकाशावर मराठी लिहावयाची असेल, तर ती युनिकोडातच लिहावी, आणि बाहेर पाठविण्याची प्रत पीडीएफ करून फॉन्ट तिच्यातच समाविष्ट करावा.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. परक्या आवृत्तीस बिचकू नका. परंतु कामाच्या पहिल्याच दिवशी लेअरची नावे, मोजमापाचे एकक आणि दशांशचिन्ह या तीन गोष्टी सहकाऱ्यांशी लेखी ठरवून घ्या. भाषा अनेक असल्याने इमारत कधी ढासळत नाही. ती ढासळते, दोघांनी एकच आकडा दोन तऱ्हांनी वाचला आणि तिसऱ्याने विचारले नाही, म्हणून!