निराशा आणि श्रद्धा

श्रोतेहो, ज्याचा ईश्वरावर दृढ विश्वास आहे त्याला निराशा शिवत नाहीं, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून घरांतील कोणी खिन्न झालें, जगणें नकोसें झालें असें बोलूं लागलें, कीं आपण सहज म्हणतों, "देवाचें नांव घे, म्हणजे सारें ठीक होईल." या सल्ल्यांत माया असते, पण तुझी श्रद्धा उणी पडली, असा ठपकाही ऐकणाऱ्याला त्यांत ऐकूं येतो. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं इंग्रज कवि विल्यम कूपर याचें चरित्र आज आपणांपुढें ठेवतों.

कूपरचा जन्म १७३१ सालचा. तो सहा वर्षांचा असतांना त्याची आई वारली. पुढें त्यानें लंडन येथें कायद्याचें शिक्षण घेतलें. १७६३ सालीं उमरावसभेच्या कचेरींत एक जागा मिळण्याचा योग आला. पण त्यासाठीं सभेपुढें परीक्षा द्यावयाची होती. त्या धास्तीनें त्याचें मन इतकें ढासळलें कीं त्यानें स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला. सुदैवानें तो वाचला. आप्तांनीं त्याला सेंट आल्बन्स येथें डॉक्टर नॅथॅनिएल कॉटन यांच्या खासगी रुग्णालयांत ठेवलें. कॉटन कुशल वैद्य होते, तसेच भाविकही होते. त्यांच्या देखरेखीखालीं कूपर सावरला, आणि तेथेंच बायबल वाचतां वाचतां त्याच्या मनांत श्रद्धा उदय पावली. उपचार आणि श्रद्धा यांचें तेथें भांडण नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पुढें तो अन्विन कुटुंबांत राहूं लागला, आणि घरधन्याच्या निधनानंतर मेरी अन्विन यांच्यासह ऑल्नी या गांवीं आला. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन याच्याशीं त्याचा स्नेह जडला. दोघांचा स्तोत्रसंग्रह १७७९ सालीं निघाला. त्यांत कूपरचीं साठांहून अधिक स्तोत्रें आहेत. परंतु तत्पूर्वींच, १७७३ सालीं, आजारानें त्याला पुन्हां गांठलें होतें. या खेपेस आजारानें श्रद्धेचेंच रूप घेतलें. ईश्वरानें आपणांस कायमचें टाकलें, अशी त्याची खात्री झाली. पुन्हां जीव देण्याचा प्रयत्न झाला. त्यानंतर हा स्तोत्रकर्ता चर्चची पायरी चढला नाहीं. प्रार्थनाही त्याला करवेना.

मग त्याला तारलें कोणी? न्यूटननें त्याला वर्षभराहून अधिक काळ आपल्या घरीं ठेवून घेतलें. मेरीबाईंनीं त्याची शुश्रूषा केली. १७७४ सालीं शेजाऱ्यांनीं दिलेले ससे पाळणें, सुतारकाम, बागकाम यांत त्याचे दिवस जाऊं लागले. मेरीबाईंनीं त्याला काव्य लिहावयास प्रवृत्त केलें. लेडी ऑस्टिन या स्नेही बाईंनीं त्याचें मन रमावें म्हणून एक गमतीची हकीकत सांगितली. तिच्यांतून 'जॉन गिल्पिन' ही विनोदी कविता जन्मली. १७८५ सालीं 'द टास्क' हें त्याचें मोठें काव्य प्रसिद्ध झालें. मनांतील काळोख अखेरपर्यंत पुरता हटला नाहीं. तरी तो जगला, लिहीत राहिला, आणि १८०० सालीं नैसर्गिक मरणानें गेला. ज्याच्या ओठांवर प्रार्थना उरली नव्हती, त्याच्यासाठीं इतरांनीं ती आपल्या सेवेनें चालविली होती.

म्हणून घरांतील कोणी असें बोललें, तर उपदेशाआधीं त्याच्याजवळ बसावें. "जीव द्यावासा वाटतो का?" असें सरळ विचारावें, विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो, ही भीति निराधार आहे. त्याला एकटें सोडूं नये, धोक्याच्या वस्तु दूर ठेवाव्या, डॉक्टरांकडे न्यावें. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या टेली मानस सेवेशीं १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलतां येतें. घरांत नामस्मरण चालत असेल तर तें अवश्य चालावें. आजाऱ्याला म्हणवत नसेल तर त्याच्या शेजारीं बसून आपण म्हणावें.

आणि ज्या श्रोत्याच्या मनांत या घटकेला तसा विचार असेल, त्याला माझें एवढेंच सांगणें आहे: प्रार्थना सुचत नसेल, देव दूर गेला असें वाटत असेल, तर तो आजाराचा भाग आहे, त्यांत आपला कांहीं अपराध नाहीं. आज रात्रीं निजण्यापूर्वीं एका तरी माणसाला हें सांगा.