उचल कोण देणार?



विषय पत्रिकेवर मोठा छापलाय, ‘धोरणे आणि बदलता काळ’. मी मात्र उचलीवरच, म्हणजे ऊसतोडीला जाण्याआधी घेतलेल्या आगाऊ पैशावरच, बोलणार आहे. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परत आल्यात, आणि इथं बसलेल्या काही जणांचा हिशेब अजून टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत अडकलेला असणार.

रोजगार हमी जन्मली महाराष्ट्रात, मग बीडचा माणूस कोयता घेऊन का जातो, असं शहरात हमखास विचारतात. वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात योजनेनं राज्य तगवलं, 1977 ला कायदा झाला. पण हमीचा पैसा येतो काम झाल्यावर, मस्टर भरल्यावर, आता तर फोनवर हजेरीचा फोटो चढल्यावर आणि खात्याला आधार जोडलेला असेल तर. उचल हातात पडते हंगामाआधी, रोख, एकरकमी. घरात लग्न निघालेलं असतं, दवाखान्याचं देणं असतं, खताची उधारी थकलेली असते. त्या घडीला दारात पैसे घेऊन उभा असतो तो मुकादम. कोरडवाहू माणसाला कामाइतकीच आगाऊ पैशाची गरज आहे, हे धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानात फारसं आलेलं नाही.

या पैशाचं व्याज अंगमेहनतीनं फिटतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. हिशेब एकच, आणि नाव नवऱ्याचं. बाईनं निम्मं काम करून तिच्या नावावर दमडी लागत नाही. खाडा झाला की मात्र दंड दोघांच्या माथी. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आपल्याच बीड जिल्ह्याचा आकडा आला: पाहणीतल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहात एक. नफेखोर दवाखान्यांचा दोष त्यात आहेच. पण फडात ना संडास, ना पाणी, ना हक्काची सुट्टी, हे कुणाच्या खात्यावर मांडायचं? कारखाना मुकादमाकडं बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडं.

यावर तोड महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबईच्या गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहणाऱ्यांनाही एक मालक नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळाकडं भरायची. मंडळ कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे देणार. आपल्याकडं गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलं. कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहं हवीतच. पण माझं म्हणणं असं, की या महामंडळानं उचलच द्यावी. बिनव्याजी, निम्मी बाईच्या खात्यावर, निम्मी गड्याच्या. आणि वजनकाट्याच्या पावतीवरून दर पंधरवड्याला मोबाईलवर हिशेब कळावा.

मुकादमाचीही बाजू आहे. दोघा-तिघांकडून उचल घेऊन पसार झालेल्यांमुळे मुकादमांनी जमिनी विकल्यात. एकच नोंद राहिली तर तीही लबाडी थांबेल. मुकादमाला पगारी देखरेख्या करा, सावकारी मात्र काढून घ्या.

हे लवकर व्हायला हवं, कारण यंत्र फडात उतरलंय. तोडणी यंत्राला 40 टक्के, कमाल 35 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. एक यंत्र दिवसाला शंभर टन जरी तोडू लागलं तरी पन्नास कोयते बसून राहतात. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, त्याचं समाधान आहे. पण मजुरी वाढेल तसं यंत्र स्वस्त वाटू लागणार, हेही धरून चला. यंत्राला विरोध करून ते थांबणार नाही. अनुदानाची अट बदलायला लावा: तोडणी कामगारांच्या गटाला पहिला मान, चालकाचं प्रशिक्षण त्यांच्याच पोरापोरींना, तालुक्याच्या आयटीआयमध्ये. आज कोटीच्या घरातलं यंत्र घेणाऱ्याचा प्रत्येक कागद सरकारदरबारी आहे, फडातल्या बाईचा एकही नाही.

सुरुवात ग्रामसभेतून करता येईल. ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्राचं काम ग्रामसेवकाकडं दिलेलं आहेच. त्याच्याकडून दसऱ्याच्या आधी गावची यादी करून घ्या. कोण जातंय, कुठल्या कारखान्याला, कुणाच्या टोळीत, किती उचल घेऊन. आणि बायकांची नावं वेगळ्या ओळीत लिहायला सांगा.