उद्याच्या आफ्रिकेत स्वागत



नैरोबीत आपणा सर्वांचं मनापासून स्वागत. मसाईमाराचे सिंह कुठे पळून जात नाहीत. ते परतीच्या आधी बघूच. आपला विषय मात्र शहरातला आहे: इथल्या तरुण कलावंतांना दिसणारी उद्याची आफ्रिका.

येताना रस्त्यात मटाटू, म्हणजे इथल्या खासगी मिनीबस, दिसल्या असतील. अंगभर चित्रं, आत दणदणीत गाणी आणि कंडक्टरच्या तोंडी ‘शेंग’, म्हणजे स्वाहिली-इंग्रजीची नैरोबीकरांनी केलेली मिसळ. इथल्या कलेची ओळख तिकडूनच करून घ्यावी.

कृष्णवर्णीयांचं भविष्य कल्पणाऱ्या कलेला ‘आफ्रोफ्युचरिझम’ हे नाव मार्क डेरी या अमेरिकी समीक्षकाने १९९० च्या दशकात दिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा भूतकाळ गुलामीने ओरबाडून नेला होता, त्यामुळे त्यांना पूर्वजही कल्पनेनेच उभे करावे लागले. नैरोबीतल्या पोराची आजी गावी असते, तो तिला एम-पेसा या मोबाइल सेवेवरून पैसे धाडतो. पूर्वज त्याच्या हाताशी आहेत; त्याची ओढाताण निराळी, रोजच्या जगण्याची आहे. म्हणूनच इथलं भविष्य अवकाशापेक्षा भंगारात जास्त सापडतं.

याच शहरातला सायरस कबिरू तारा, बाटल्यांची बुचं, मोडक्या यंत्रांचे तुकडे जमवून चष्मे घडवतो. ‘सी-स्टनर्स’ म्हणतात त्यांना. ते डोळ्यांवर चढले की माणूस अर्धा राजा, अर्धा यंत्रमानव दिसतो. तिकडे काँगोमधल्या किन्शासात ‘कोंगो ॲस्ट्रॉनॉट्स’ हा गट सर्किट बोर्ड जोडून अंतराळवीराचा पोशाख शिवतो आणि तो घालून भर रस्त्यात फिरतो. काँगोच्या खाणीतलं कोल्टन हे खनिज जगभरच्या मोबाइलमध्ये जातं, हे ठाऊक असलं की त्या फिरण्याला धार येते.

यातलं सगळंच मला पटतं असं नाही. परदेशी गॅलऱ्यांना रुचेल असा मुलामाही अधूनमधून दिसतो. उद्याच्या परिसंवादात यावर कडाक्याचं भांडण व्हावं, अशी स्वागताध्यक्षाची जाहीर इच्छा आहे.

आज जेवणानंतर इथल्याच दिग्दर्शिका वनुरी काहियू यांचा ‘पुम्झी’ (२००९) दाखवणार आहोत. जेमतेम वीसेक मिनिटांचा लघुपट. पाण्यासाठी महायुद्ध होऊन गेलंय, माणसं स्वतःचा घाम आणि लघवी शुद्ध करून पितायत, आणि एका तरुणीच्या हाती ओली माती येते. आपल्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. मराठवाड्याच्या मंडळींसाठी पुढची रांग राखून ठेवली आहे.